जुनी उंची मनगटी घड्याळं जमवताना: कोल्हापूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कराड या पट्ट्यातल्या जुन्या घरांतून आजही चांगली स्विस घड्याळं निघतात. पन्नास-साठ वर्षं कपाटात ती धडधाकट राहिलेली असतात. नुकसान होतं ते कपाटाबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. कुणी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, चकचकीत करून आणतं, कुणी डायल रंगवून घेतं, कुणी मागचं झाकण चाकूने उचकटतं. म्हणून इथल्या बऱ्याच उत्तरांत काय करू नये हे आधी सांगितलं आहे. ज्या घड्याळावर कमीत कमी हात फिरला आहे तेच सर्वांत मोलाचं, आणि या छंदातले बहुतेक निर्णय याच कसोटीवर घ्यावेत.

किती जुन्या घड्याळाला व्हिंटेज म्हणायचं? आणि दुर्मिळ म्हणजे काय?

साधारण तीस वर्षांपुढचं घड्याळ व्हिंटेज धरतात. पण जाणकारांची खरी ओढ असते ती क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांच्या, आधीच्या काळाकडे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आलं आणि पुढच्या दशकात शेकडो स्विस कारखाने बंद पडले. त्यामुळे १९३० ते १९७० हा काळ सर्वांत समृद्ध.

जुनं आहे म्हणून दुर्मिळ आहे असं होत नाही. ओमेगाची सीमास्टर लाखांनी बनली. तिच्यात दुर्मिळ असते ती न रंगवलेली डायल आणि न घासलेली केस. दुसऱ्या टोकाला पाटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल आहे. ते १९४१ मध्ये आलं आणि एकूण सुमारे २८० नगच बनले. बहुतेक सोन्यात आहेत, स्टीलमधली फक्त चार माहीत आहेत. त्यांतलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. सोन्यातलं तेच घड्याळ एरवी त्याच्या बरंच खाली राहतं. धातूच्या भावाचा आणि संग्राहकाच्या भावाचा संबंध इथेच संपतो.

आजोबांच्या कपाटात घड्याळ सापडलंय. आधी काय करू?

चावी देऊन चालतंय का बघू नका. मशीनमधलं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं, त्यात धूळ मिसळलेली असते. चावी दिली की चाकांची बारीक टोकं त्यातच घासायला लागतात आणि झिजतात. घड्याळ चालू झालं तरी आतून खराब होत राहतं.

डायल पुसू नका, ओल्या कापडाने तर नाहीच. जुन्या डायलवरची अक्षरं लाखेच्या पातळ थरावर असतात आणि एका फडक्यात निघून येतात. पट्टा फाटका असला, काच तडकलेली असली, बकल गंजलेलं असलं तरी काही टाकू नका. मूळ बकल आणि मूळ चावी (बाजूची फिरवायची गुंडी) वेगळी विकत घ्यायला गेलात तर किंमत कळेल.

मग उजेडात सहा बाजूंनी फोटो काढा आणि घड्याळ विश्वासू कारागिराकडे न्या. झाकण तुमच्या समोर उघडायला सांगा. झाकणाच्या आतली बाजू, मशीनवरची अक्षरं आणि क्रमांक यांचे फोटो घ्या. रोलेक्सचा क्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या केसच्या दोन शिंगांमध्ये असतो आणि मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला, त्यासाठी पट्टा काढावा लागतो. १९५० ते १९७० च्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच रोलेक्स झाकणांच्या आत तिमाही आणि वर्षही कोरलेलं असतं. ओमेगाचा अनुक्रमांक मशीनवर आणि मॉडेल क्रमांक झाकणाच्या आत. ओमेगाचा अनुक्रमांक १ कोटीच्या आसपास असेल तर साल साधारण १९४४, दोन कोटींच्या आसपास असेल तर १९६३.

पेटी नाही, बिल नाही. मग घड्याळ खोटं समजायचं का?

अजिबात नाही. स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती आणि १९६८ ते १९९० सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता. त्या काळात बरीच परदेशी घड्याळं नातेवाइकांच्या हातावर, बोटीने किंवा त्याहून आडवाटेने आली. आपल्याकडच्या जुन्या घड्याळांना कागद नसणं हीच रीत आहे. उलट अगदी कोरी पेटी आणि कोरं बिल सोबत असेल तर ते दुसऱ्याच घड्याळाचं नाही ना, हे क्रमांक जुळवून बघा.

पाटेक फिलिप, व्हॅशेरॉन, लाँजीन अशा काही कंपन्या आपल्या जुन्या वह्यांतून उतारा देतात. रोलेक्स देत नाही. उताऱ्यातून एवढंच कळतं की या क्रमांकाचं मशीन अमुक साली, अमुक धातूच्या केसमध्ये तयार झालं. तुमच्या हातातली डायल मूळची आहे याचा तो पुरावा नव्हे.

डायल मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, हे कसं ओळखायचं?

किमतीचा निम्म्याहून जास्त भाग डायलमध्ये असतो, त्यामुळे इथे घाई नको. दहापटीचं भिंग घ्या, खिडकीजवळ बसा आणि या क्रमाने बघा.

पहिल्यांदा छपाई. मूळ डायलवरची अक्षरं भिंगाखाली काठाला धारदार असतात आणि पृष्ठभागावर किंचित उठलेली दिसतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली, अक्षरांची जाडी असमान, आणि कंपनीच्या नावातली वळणं चुकलेली असतात. ओमेगाच्या नावाखालचं ‘सीमास्टर’ हे तिरकं अक्षर कॉपी करताना हमखास बिघडतं, एका अस्सल डायलचा मोठा फोटो शेजारी ठेवून ताडून पाहा.

मग मिनिटांच्या रेषा. प्रत्येक तासाची खूण तिच्या मिनिटरेषेच्या बरोबर समोर यायला हवी. धातूच्या बसवलेल्या खुणांच्या कडेला रंगाचा ओघळ किंवा खाच दिसली तर डायल रंगवली आहे, कारण कारखान्यात रंग आधी आणि खुणा नंतर बसतात. सहाच्या खाली ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ ही अक्षरं नसतील, किंवा काठाखाली अर्धी गाडली गेली असतील, तर शंका घ्या.

त्यानंतर काटे आणि चमकणारा रंग. काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग एकाच वयाचा दिसला पाहिजे. खुणांवरचा पिवळट-तपकिरी आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र असेल तर काटे बदललेत किंवा भरलेत. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषेपर्यंत पोचायला हवा. आखूड काटा म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा काटा.

इंटरनेटवर जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ती हीच घड्याळं: जुनं मशीन, निळी-लाल-केशरी नवी रंगवलेली डायल, चकचकीत केस. घालायला हरकत नाही, पण संग्रहाच्या भावाने घेऊ नका. आणि एक आवर्जून सांगतो: डाग पडलेली, सुरकुतलेली, पिवळी झालेली मूळ डायल ही नव्याने रंगवलेल्या देखण्या डायलपेक्षा केव्हाही सरस. रंगवलेली डायल परत मूळपदाला येत नाही.

जोडकाम केलेलं घड्याळ कसं पकडायचं?

एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची डायल, असा प्रकार सर्रास होतो. सर्वांत जास्त सापडतं ते ओमेगाच्या कॉन्स्टेलेशनमध्ये. १९६० च्या दशकातल्या बहुतेक ऑटोमॅटिक कॉन्स्टेलेशनमध्ये क्रोनोमीटर दर्जाचं (अचूकतेची चाचणी पार केलेलं) ५५१, ५६१ किंवा ५६४ हे मशीन हवं. आत ५५०, ५५२, ५६२ किंवा ५६५ निघालं तर ते सीमास्टरचं मशीन आहे. नुसते २४ ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे) मोजून समाधान मानू नका, कारण ५५२ लाही २४ ज्वेल आहेत. मशीनवर पाच स्थितींत आणि तापमानात जुळवल्याची अक्षरं आहेत का ते वाचा.

लिलावातही सावध राहायला हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात एक जुनी ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकच्या वर विकली गेली आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगाने सांगितलं की ती वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेली होती.

सोन्याचं आहे असं घरचे म्हणतात. गुजरीत तपासून घेऊ का?

घ्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. महाद्वार रोडवरून गुजरीत शिरलात की कुठलाही सराफ सवयीने आधी कसोटीचा दगड पुढे करेल. एका घासण्यात शिंगाची धार जाते. क्ष-किरणांच्या मशीनवर कॅरेट तपासणी करायला सांगा, त्यात ओरखडा पडत नाही. मात्र ते मशीन फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलाम्याच्या केसवरही ते सोनंच दाखवेल. म्हणून बाहेरच्या बाजूसोबत झाकणाची आतली बाजू आणि शिंगांची मागची, घासली जाणारी बाजू अशा तीन ठिकाणी वाचन घ्या.

त्याआधी ठसे बघा. १९९५ पर्यंतच्या स्विस १८ कॅरेट केसवर स्त्रीच्या मुखवट्याचा, म्हणजे हेल्व्हेशियाचा, बारीक ठसा आणि ०.७५० हा आकडा असतो. १४ कॅरेटवर खार आणि ०.५८५. ‘२० मायक्रॉन्स’, ‘प्लाके’, ‘गोल्ड फिल्ड’, ‘गोल्ड कॅप’ यांपैकी काही असेल तर तो मुलामा किंवा पत्रा आहे. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर वरची केस बहुधा मुलाम्याचीच.

आणि वजनावर विकू नका. मशीन काढून केस वितळवणं हे आपल्याकडे सोन्याचा भाव चढला की प्रत्येक वेळी झालं आहे. तशी किती उत्तम घड्याळं मुशीत गेली याचा हिशेबच नाही.

केस थोडी पॉलिश केली तर काय बिघडतं?

धातू जातो, आणि तो परत येत नाही. कारखान्यातून निघताना शिंगांना धारदार कडा, वर आडवे-उभे ब्रशचे पट्टे आणि बाजूला आरशासारखी चकाकी असते. बफच्या चाकावर धरलं की सगळंच गोल आणि चकचकीत होतं. शिंगांतली भोकं काठाच्या जवळ आलेली, ठसे पुसट झालेले, दोन्ही शिंगांची जाडी वेगवेगळी, ही जास्त घासल्याची लक्षणं.

काचेचं वेगळं आहे. १९७० पूर्वीच्या बहुतेक काचा प्लास्टिकच्या आहेत. बेझलला, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याला, चिकटपट्टी लावा, प्लास्टिक घासायची पेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन पाच-सात मिनिटं गोल फिरवा. ओरखडे जातात.

डायलवरचं रेडियम धोकादायक आहे का?

घड्याळाचं झाकण बंद असेल आणि घालणं अधूनमधून असेल तर काळजीचं कारण फारसं नाही. उघडल्यावर मात्र आहे. १९६० च्या सुरुवातीपर्यंत चमक रेडियमची होती, त्यानंतर ट्रिटियमची. ट्रिटियमच्या डायलवर सहाच्या खाली बहुधा ‘टी स्विस टी’ असं असतं. ट्रिटियमची किरणं दर १२.३ वर्षांनी निम्मी होतात, रेडियमला त्यासाठी १६०० वर्षं लागतात. रंग अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नाही. थकलेला असतो तो त्यातला चमकणारा झिंक सल्फाइड.

रंग खरवडू नका, फुंकर मारू नका, भुकटी सुटली असेल तर स्वतः साफ करू नका. रेडियमची बरीच घड्याळं एकत्र असतील तर झोपायच्या खोलीत, बंद कपाटात ठेवू नका. त्यातून रॅडॉन वायू निघतो, खोली हवेशीर हवी.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी आणि कुणाकडून?

घालत असाल तर चार-पाच वर्षांनी. नुसतं ठेवलेलं असेल तर चालवायच्या आधी. कारागीर निवडताना दुकानाची पाटी बघू नका, पुढचे प्रश्न विचारा.

मशीन पूर्ण सुटं करता की तसंच पेट्रोलमध्ये बुडवता? बुडवून काढलं की वरची घाण तळाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि घड्याळ सहा महिन्यांत परत थांबतं. तेल किती प्रकारचं वापरता? निदान तीन हवीत: बॅलन्ससारख्या (मागेपुढे हेलकावणारं चक्र) वेगवान भागांना पातळ, सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट, आणि चावीच्या भागांना ग्रीस. पॅलेट, म्हणजे चाकाचा एकेक दाता सोडणारा छोटा फाटा, स्पिरिटमध्ये भिजवता का? उत्तर ‘हो’ असेल तर उठा. पॅलेटचे खडे शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं.

काम झाल्यावर टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या टाइमग्राफर मशीनवरचं वाचन मागा. पूर्ण चावी, डायल वर अशा स्थितीत अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चक्राचा झोका, २७० ते ३१० अंश असावा. जुन्या मशीनला २५० चालेल, २०० च्या खाली असेल तर काम अर्धवट झालं आहे. ३३० च्या वर गेला तर मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग) जास्त ताकदीची बसवली आहे. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक, ०.८ मिलिसेकंदांच्या आत. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल, म्हणजे त्या घड्याळाच्या मशीनचा ठरावीक कोन, योग्य घातला नसेल तर सगळेच आकडे खोटे येतात: ओमेगाच्या ५५० मालिकेला ४९ अंश, बऱ्याच जुन्या रोलेक्सना ५२. दिवसाला दहा-पंधरा सेकंद मागेपुढे हे या वयाच्या घड्याळाला उत्तम आहे.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर बहुधा हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबक लागलं आहे. मोबाइलचं मॅग्नेटचं कव्हर किंवा स्पीकर ही नेहमीची कारणं. डिमॅग्नेटायझरवर ते काही सेकंदांत सुटतं.

बदललेले सगळे जुने भाग पुडीत परत मागा. केसमध्ये मशीन धरणारी पितळी रिंग हरवली असेल तर ती उद्यमनगरात लेथवर करून मिळते. तो भाग बाहेरून दिसत नाही, त्याने मोल घटत नाही. चावी आणि काटे मात्र मूळचेच शोधा, वेळ लागला तरी.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात घड्याळं कशी सांभाळायची?

जून ते सप्टेंबर हा इथल्या संग्राहकाच्या कसोटीचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांपुढे जाते. जुन्या घड्याळांचे वॉशर कडक होऊन मेलेले असतात, त्यामुळे दमट हवा थेट आत जाते. आधी स्टीलचे बारीक भाग गंजतात, मग डायलच्या काठाला काळे ठिपके येतात, मग चामड्याच्या पट्ट्याला बुरशी.

घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा, त्यात १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, चामडं तडकतं. जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच परत ठेवा. घड्याळं जास्त असतील तर कॅमेऱ्यांसाठी मिळतं ते इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घ्या. चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवा. डांबरगोळ्या आणि कापूर डब्यात नको, त्यांच्या वाफेने प्लास्टिकची काच आणि डायलची लाख खराब होते.

झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी ते साठ वर्षांपूर्वीच्या नव्या वॉशरबद्दल होतं. हात धुतानासुद्धा काढून ठेवा.

पाणी गेलंच तर?

त्याच दिवशी उघडलं पाहिजे. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही आणि हेअर ड्रायरने वाफ आणखी खोल जाते. हेअरस्प्रिंगवर गंज बसायला काही तास पुरतात. चावी बाहेर ओढून ठेवा, घड्याळ चालवू नका, थेट कारागिराकडे जा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुराच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं, त्यामुळे नुसतं वाळवून चालत नाही, प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागतो. पूररेषेजवळ राहत असाल तर पावसाळ्यात संग्रह वरच्या मजल्यावर हलवा, आणि बँकेचा लॉकर घेताना तळघर-तळमजला टाळा. बँकेच्या चुकीमुळे चोरी किंवा आग झाली तर भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभरपट आहे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार धरली जात नाही. मोठा संग्रह असेल तर वेगळा विमा लागतोच.

जुनं घड्याळ रोज घालावं का?

आठवड्यातून एक-दोनदा घालणं चांगलं, पण दुचाकीवर नको. १९५० पूर्वीच्या अनेक घड्याळांत धक्का झेलणारी स्प्रिंग नसते. खड्ड्यातल्या एका दणक्यात बॅलन्स चक्राचा दांडा मोडतो, आणि काही मशीनसाठी तो भाग मिळायला वर्ष जातं.

तारखेच्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख हाताने बदलू नका, दाते अडकलेले असतात. जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडतं ही समजूत चुकीची. पूर्ण चावी होऊनही चालत नसेल तर ते तेल वाळल्याचं लक्षण आहे.

सुरुवात कशापासून करू?

आपल्या भागात मिळतं आणि ज्याचे भाग मिळतात त्यापासून. फेव्हर ल्यूबाची १९६० च्या दशकातली सी चीफ, सी किंग भारतभर विकली गेली, त्यामुळे कारागिरांना ती हाताखालची आहेत. त्यातली दोन बॅरलची (स्प्रिंगच्या डब्यांची), १९६२ पासूनची मशीन मुद्दाम बघण्यासारखी. त्याच कंपनीचं उंची मोजणारं बिव्हॅक आणि पाण्याची खोली मोजणारं बॅथी ही खरी दुर्मिळ. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. तिचं सोवार प्राइमा फौजेत लोकप्रिय होतं, त्यामुळे सैनिक टाकळीसारख्या फौजी परंपरेच्या गावांतल्या जुन्या घरांत विचारून बघण्यात अर्थ आहे.

डोळा तयार झाला की ओमेगाची ३० मिलिमीटरची चावीची मशीन, मग कॉन्स्टेलेशन, लाँजीन. रोलेक्स आणि पाटेकला हात घालण्याआधी निदान पन्नास अस्सल डायल भिंगाखाली बघितलेल्या असाव्यात.

परदेशातून मागवलं तर?

सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून मोठी भर पडते. स्वित्झर्लंडबरोबरच्या व्यापार करारानुसार दर टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर बघा. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका, माल जप्त होतो आणि विमाही मिळत नाही. मगरीच्या चामड्याचा पट्टा असेल तर तो काढून पाठवायला सांगा, वन्यजीव व्यापाराच्या परवान्याशिवाय तो अडकतो.

उलट दिशेनेही एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९२० च्या दशकातली मनगटी घड्याळं आता त्या वयाला पोचत आहेत.

ओळखीच्याकडून घेताना कागद कशाला?

चोरीचा माल निघाला तर तोच एक कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. साध्या पावतीवर कंपनी, मॉडेल, केस आणि मशीन दोन्हीचे क्रमांक, रक्कम, तारीख, देणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने बंद आहे, ती बँकेतून द्या.

हीच पावती, उघडलेल्या मशीनचे फोटो, सर्व्हिसिंगच्या तारखा आणि बदललेल्या भागांची पुडी एका पाकिटात घालून घड्याळासोबतच ठेवा. पाकिटावर अंदाजे किंमत आणि विकायचं झालं तर कुणाला दाखवायचं ते घरातल्या माणसांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा.